अर्ध्या भरणाच्या दोन बाजूंचे दोन खळगे

२०१४ साली प्रिन्स्टन विद्यापीठात मन्सूर शायेगन यांच्या गटाने, डोब्रोमिर कांबुरोव हे पहिले लेखक असलेल्या एका शोधनिबंधात, एक साधा दिसणारा प्रश्न विचारला: संमिश्र फर्मिऑनची फर्मी तरंगसंख्या ठरवतं कोण? (संमिश्र फर्मिऑन म्हणजे तीव्र क्षेत्रात इलेक्ट्रॉनला चुंबकीय फ्लक्स बांधून मानलेला कण; फर्मी तरंगसंख्या म्हणजे अशा कणांनी भरलेल्या अवस्थांची वरची सीमा.) प्रश्नाच्या मुळाशी एक आलेख होता. आडव्या अक्षावर चुंबकीय क्षेत्र, उभ्या अक्षावर विद्युत रोध. मधोमध भरणांक १/२ ची जागा, म्हणजे इलेक्ट्रॉनची सगळ्यात खालची ऊर्जा पातळी निम्मी भरते ते क्षेत्र, आणि तिच्या दोन्ही बाजूंना रोधाचे लहान लहान खळगे. त्या वेळी सर्रास वापरल्या जाणाऱ्या हिशेबाप्रमाणे हे खळगे मध्यापासून समान अंतरावर पडायला हवे होते. तसे ते पडले नाहीत. कमी क्षेत्राच्या बाजूचा खळगा मध्याच्या किंचित जवळ होता. पंधराएक टेस्लाच्या क्षेत्रात फरक टेस्लाच्या काही शतांशांचा. मोजमापातली चूक म्हणून सोडून द्यावा इतका लहान, पण ते उपकरण आणि ते नमुने पाहता सोडून देता येणार नाही इतका स्पष्ट.

हा फरक नेमका कशाचा, याचं उत्तर शोधताना क्वांटम हॉल परिणामाच्या, म्हणजे तीव्र चुंबकीय क्षेत्रातल्या पातळ इलेक्ट्रॉन-थरांच्या, अभ्यासातल्या एका मूलभूत सिद्धांताची पुन्हा झडती झाली. माझ्या मते या प्रकरणातून निघणारी महत्त्वाची गोष्ट ‘कोणता सिद्धांत जिंकला’ ही नाही. हा फरक ज्या आकाराचा आहे, त्याच आकाराची एक गोष्ट पहिल्या हिशेबात धरलेलीच नव्हती, ती म्हणजे गेज क्षेत्राचे, म्हणजे इलेक्ट्रॉनांशी बांधलेल्या फ्लक्समुळे येणाऱ्या क्षेत्राचे, चढउतार.

आधी रंगमंच पाहू. गॅलियम आर्सेनाइडच्या काही दशक नॅनोमीटर जाडीच्या थरात इलेक्ट्रॉन कोंडले, अतिशय थंड केले आणि त्या थराला लंब असं तीव्र चुंबकीय क्षेत्र लावलं की इलेक्ट्रॉनची गतिज ऊर्जा ठरावीक ऊर्जांच्या लँडाऊ पातळ्यांमध्ये वाटली जाते. एका पातळीत किती इलेक्ट्रॉन मावतात हे क्षेत्रावर ठरतं: दर फ्लक्स क्वांटममागे (चुंबकीय फ्लक्सच्या मूलभूत एककामागे) एक. भरणांक १/२ म्हणजे सगळ्यात खालची पातळी अर्धी भरलेली, म्हणजेच दर इलेक्ट्रॉनमागे दोन फ्लक्स क्वांटम. १९८२ मध्ये डॅनियल त्सुई, होर्स्ट श्टॉर्मर आणि आर्थर गॉसार्ड यांना १/३ भरणांकाला हॉल रोधाचं (प्रवाहाच्या आडव्या दिशेतल्या रोधाचं) सपाट पठार सापडलं, आणि पुढे २/५, ३/७, ४/९ अशी रांगच लागली. ही रांग १/२ कडे सरकत जाते, पण १/२ ला मात्र पठार नाही. तिथे काय चाललंय हे बराच काळ कोणाला नीट सांगता येत नव्हतं.

१९८९ मध्ये जैनेंद्र जैन यांनी मांडलेली कल्पना अशी: प्रत्येक इलेक्ट्रॉन दोन फ्लक्स क्वांटम आपल्याशी बांधून घेतो आणि त्या जोडीला एकच कण समजायचं, संमिश्र फर्मिऑन. बांधलेलं फ्लक्स बाहेरच्या क्षेत्रातून वजा होतं. या कणाला जाणवतं ते उरलेलं क्षेत्र. १/३, २/५, ३/७ ही पठारं मग या नव्या कणांच्या १, २, ३ भरलेल्या पातळ्या ठरतात. आणि बरोबर १/२ ला वजाबाकी शून्य होते. १९९३ मध्ये बर्ट्रांड हालपरिन, पॅट्रिक ली आणि निकोलस रीड यांनी याचा पुढचा परिणाम सविस्तर मांडला: बाहेर प्रचंड चुंबकीय क्षेत्र असतानाही १/२ ला संमिश्र फर्मिऑनचा एक फर्मी समुद्र, म्हणजे खालपासून भरत गेलेल्या अवस्थांचा साठा, असला पाहिजे, धातूत असतो तसा.

आकडे घातले की यातलं धाडस कळतं. समजा, दर चौरस सेंटिमीटरमागे १.८ गुणिले १० चा ११ वा घात इतके इलेक्ट्रॉन आहेत. मग १/२ ची जागा १४.८९ टेस्लाला येते. त्या क्षेत्रात चुंबकीय लांबी, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या घिरटीचं मूलभूत माप, साधारण ६.७ नॅनोमीटर. आता क्षेत्र फक्त ०.७९ टेस्लाने वाढवा. इलेक्ट्रॉनच्या दृष्टीने जवळजवळ काहीच बदललं नाही. पण संमिश्र फर्मिऑनला जाणवणारं क्षेत्र शून्यावरून ०.७९ टेस्ला झालं, आणि त्याच्या वर्तुळाकार कक्षेची त्रिज्या येते सुमारे १२५ नॅनोमीटर, म्हणजे जवळपास एकोणीस पट मोठी. एवढं मोठं वर्तुळ खरंच फिरलं जात असेल, तर ते मोजता आलं पाहिजे.

मोजलंही गेलं. रॉबर्ट विलेट आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये पृष्ठीय ध्वनितरंगांत १/२ जवळ विचित्र वागणूक पाहिली होती. त्या निबंधाचं शीर्षकच प्रश्नचिन्हाने संपत होतं, कारण तेव्हा अर्थ लागलेला नव्हता. १९९३ नंतर तो लागला: आखूड तरंगलांबीवर वाहकता वाढते, आणि फर्मी समुद्र असेल तर ती तरंगसंख्येच्या प्रमाणात वाढायलाच हवी. हे प्रमाण लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. त्याच सुमारास छिद्रांच्या जाळीत आणि चुंबकीय नाभीकरणाच्या प्रयोगांतही ही मोठी वर्तुळं दिसली.

प्रिन्स्टनच्या प्रयोगाची पद्धत या सगळ्याची जास्त काटेकोर आवृत्ती आहे. नमुन्याच्या पृष्ठभागावर इलेक्ट्रॉन किरणाने आखता येणाऱ्या रेझिस्ट नावाच्या लेपाच्या बारीक समांतर पट्ट्या उमटवतात. थंड होताना पट्ट्या आणि खालचा स्फटिक वेगवेगळे आकसतात, ताण पडतो, आणि गॅलियम आर्सेनाइड दाबविद्युत पदार्थ असल्याने त्या ताणातून खाली इलेक्ट्रॉनच्या घनतेत हलक्या लाटा उठतात. पट्ट्यांचं अंतर आपण २०० नॅनोमीटर धरू. कक्षेचा व्यास आणि हे अंतर यांचं ठरावीक गुणोत्तर जुळलं की रोधात खळगा येतो. साध्या इलेक्ट्रॉनसाठी हा परिणाम १९८९ मध्ये डीटर वाइस आणि सहकाऱ्यांनी दाखवला होता.

इथे एक बारकावा आहे. लाटा विद्युत विभवाच्या असतील, तर खळगे येतात तेव्हा व्यास हा अंतराच्या पाऊण पट, पावणेदोन पट, पावणेतीन पट असा असतो. लाटा चुंबकीय क्षेत्राच्या असतील, तर सव्वा पट, सव्वादोन पट, सव्वातीन पट. संमिश्र फर्मिऑनसाठी आपल्या आकड्यांनी पहिला खळगा पाऊणच्या नियमाने मध्यापासून १.३२ टेस्लावर यायला हवा, सव्वाच्या नियमाने ०.७९ टेस्लावर. इथे घोळ व्हायला जागाच नाही. प्रयोगात सव्वाचा नियम लागू पडतो. आता पट्ट्यांनी तर फक्त घनतेत लाटा उठवल्या. बाहेरचं चुंबकीय क्षेत्र सगळीकडे एकसारखंच आहे. मग चुंबकीय लाटा आल्या कुठून?

उत्तर असं की संमिश्र फर्मिऑनसाठी घनता आणि चुंबकीय क्षेत्र या दोन वेगळ्या गोष्टीच नाहीत. प्रत्येक कण दोन फ्लक्स क्वांटम घेऊन हिंडतो. जिथे कण जास्त जमले तिथे वजाबाकी जास्त, जिथे विरळ झाले तिथे कमी. घनतेत एक टक्क्याची लाट म्हणजे जाणवणाऱ्या क्षेत्रात १४.८९ चा एक टक्का, साधारण ०.१५ टेस्लाची लाट. आणि ज्या क्षेत्रात कण वर्तुळ मारतोय तेच मुळात ०.७९ टेस्ला आहे! एक टक्क्याच्या विस्कटलेल्या घनतेने त्या कणाच्या क्षेत्रात जवळपास वीस टक्क्यांचा गोंधळ होतो. गेज क्षेत्र ही कागदावरची सोय आहे असं कोणी म्हणालं, तर मी त्याला हा सव्वाचा नियम दाखवीन.

आता यातूनच पुढची अडचण येते. पट्ट्यांच्या लाटा स्थिर आहेत, आपण घातलेल्या आहेत. पण इलेक्ट्रॉनची घनता स्वतःहूनही सतत थरथरत असते, औष्णिक आणि क्वांटम, दोन्ही कारणांनी. त्या प्रत्येक थरथरीबरोबर क्षेत्रही थरथरतं. हालपरिन, ली आणि रीड यांच्या सिद्धांताची पहिली पायरी ही थरथर बाजूला ठेवते आणि सरासरी क्षेत्र धरते. या सरासरीने इतकं काही जमवलं की ती जमते कशी हेच नवल वाटावं, कारण थरथर लहान आहे असं म्हणायला कोणताच आधार नाही. बांधलेल्या फ्लक्स क्वांटमची संख्या दोन आहे. दोन हा काही छोटा आकडा नव्हे, की ज्याच्या घातांकात मांडणी करून पुढची पदं सोडून द्यावीत.

शिवाय ही थरथर मंद आहे. घनतेची एखादी लाट उठली की इलेक्ट्रॉनांमधलं अपकर्षण ती सपाट करायला बघतं. सपाट होण्याचा वेग तरंगसंख्या आणि वाहकता यांच्या गुणाकारावर ठरतो. वर आलंच आहे की इथे वाहकता स्वतःच तरंगसंख्येच्या प्रमाणात असते. म्हणजे वेग तरंगसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणात: लाट दुप्पट लांब, तर ती विरायला चौपट वेळ. जवळ धातूचा थर ठेवून कूलोम अपकर्षणाची लांब पोच कापली, तर हेच घनाच्या प्रमाणात जातं आणि दुप्पट लांब लाटेला आठपट वेळ लागतो. अशा रेंगाळणाऱ्या चुंबकीय डागांमधून जाताना संमिश्र फर्मिऑन वळतो, पुन्हा वळतो, आणि त्याचं परिणामी वस्तुमान फर्मी पृष्ठभागाजवळ (फर्मी समुद्राच्या काठाजवळ) वाढत जातं. कूलोम अपकर्षणात ही वाढ लॉगरिदमच्या संथ चालीने होते. पोच कापलेली असेल तर घातांकाच्या नियमाने, जास्त वेगाने. कोणत्याही प्रकारे, पाठ्यपुस्तकातला साधा फर्मी द्रव, ज्यात कण जवळजवळ स्वतंत्र वागतात, तो इथे उरत नाही.

मग विलेट यांच्या ध्वनितरंगांना आणि जाळीतल्या वर्तुळांना हे कळलं कसं नाही? याचं उत्तर १९९४ मध्ये योंग बेक किम, अकिरा फुरुसाकी, शियाओ-गांग वेन आणि पॅट्रिक ली यांनी दिलं. एका कणाचा हिशेब वेगळा मांडला तर त्यात स्फोटक पदं येतात, पण घनतेचा प्रतिसाद मोजला, जो खरोखर मोजता येतो, तर लांब तरंगलांबीला ती पदं एकमेकांना खोडतात. गच्च भरलेल्या लोकलला हिसका बसला तर प्रत्येक जण हलतो, पण शेजारचाही तेवढाच हलतो, त्यामुळे कोण कोणाच्या शेजारी उभा होता हे बदलत नाही. लांब लाटांचं गेज क्षेत्र फर्मी पृष्ठभागाच्या एका भागातल्या सगळ्या कणांना असंच एकत्र ढकलतं. एकटा कण बाहेरून आत घुसवायचा असेल तर मात्र ही सवलत मिळत नाही. जेम्स आयझनस्टाइन, लॉरेन पफायफर आणि केन वेस्ट यांनी १९९२ मध्ये दोन समांतर थरांमधली टनेलिंग (इलेक्ट्रॉनचं मधल्या अडथळ्यातून पार जाणं) तीव्र क्षेत्रात मोजली, तेव्हा कमी विभवांतराला प्रवाह जवळजवळ दबलेला सापडला. बाहेरून आलेल्या इलेक्ट्रॉनला जागा करून द्यायला घनतेला सरकावं लागतं, आणि ती सरकते अतिशय सावकाश.

थोडक्यात, या व्यवस्थेत प्रश्न कसा विचारला यावर थरथर दिसणार की लपणार हे ठरतं. खळग्यांची जागा ही या दोन टोकांच्या मधली गोष्ट आहे, आणि म्हणूनच हे प्रकरण रंगतदार होतं.

आता पुन्हा २०१४ च्या आलेखाकडे. सरळ हिशेब म्हणतो की फर्मी समुद्राचा आकार इलेक्ट्रॉनच्या घनतेवर ठरतो. प्रयोगात घनता स्थिर आणि क्षेत्र बदलतं, तेव्हा दोन्ही बाजूंचे खळगे मध्यापासून ०.७९ टेस्लावर. कांबुरोव आणि सहकाऱ्यांना जे दिसलं त्याचा त्यांनी लावलेला अर्थ असा: समुद्राचा आकार पातळीतल्या अल्पसंख्य वाहकांवर ठरतो. १/२ पेक्षा जास्त क्षेत्रात पातळी निम्म्याहून कमी भरलेली असते, तिथे इलेक्ट्रॉन अल्पसंख्य. कमी क्षेत्रात ती निम्म्याहून जास्त भरलेली, तिथे रिकाम्या जागा, म्हणजे विवरं, अल्पसंख्य. आपल्या आकड्यांत मग जास्त क्षेत्राचा खळगा ०.७९ वर राहतो आणि कमी क्षेत्राचा ०.७५ वर सरकतो.

या अर्थाला भक्कम तात्त्विक बाजू आहे. फक्त सगळ्यात खालची लँडाऊ पातळी धरली आणि इलेक्ट्रॉन दोघादोघांतच परस्परक्रिया करतात असं मानलं, तर इलेक्ट्रॉन आणि विवरं यांची अदलाबदल ही त्या व्यवस्थेची अचूक सममिती आहे. इलेक्ट्रॉनलाच फ्लक्स बांधणारा सिद्धांत उघडपणे एकाची बाजू घेतो. विवरांना फ्लक्स बांधून त्याचा जुळा सिद्धांत लिहिता येतो, आणि २०१५ मध्ये मैसम बर्केश्ली, मायकल मलिगन आणि मॅथ्यू फिशर यांनी सुचवलं की १/२ च्या एका बाजूला एक आणि दुसऱ्या बाजूला दुसरा लागू होत असावा. त्याच वर्षी डॅम थान्ह सॉन यांनी तिसराच मार्ग काढला: संमिश्र फर्मिऑन हा डिरॅक कण (डिरॅक यांच्या सापेक्षतावादी समीकरणाने चालणारा) आहे, वस्तुमानरहित, आणि त्याची घनता इलेक्ट्रॉनवरही नाही आणि विवरांवरही नाही, ती थेट चुंबकीय क्षेत्रावर ठरते. दर दोन फ्लक्स क्वांटममागे एक कण. इलेक्ट्रॉन आणि विवरं मिळून दर फ्लक्स क्वांटममागे एक असतात, तेव्हा सॉन यांची घनता म्हणजे दोहोंची बरोबर सरासरी.

सॉन यांच्या घनतेने खळगे कुठे येतात? जास्त क्षेत्राच्या बाजूला ०.८१ वर, कमी क्षेत्राच्या बाजूला ०.७७ वर. विषमता तितकीच, ०.०४ टेस्ला. फक्त दोन्ही खळगे प्रयोगाच्या वाचनापेक्षा सुमारे ०.०२ टेस्लाने बाहेर. म्हणजे विषमता हा डिरॅक चित्र आणि अल्पसंख्य चित्र यांच्यातला निकष होऊच शकत नाही, तिने फक्त अगदी भोळा हिशेब बाद होतो. बऱ्याच चर्चांत हे नीट वेगळं काढलं गेलं नाही असं मला वाटतं.

आणि तो भोळा हिशेबही हालपरिन, ली आणि रीड यांच्या माथी मारणं अन्याय ठरला. २०१७ मध्ये चोंग वांग, नायजेल कूपर, स्वतः हालपरिन आणि एडी स्टर्न यांनी दाखवलं की जुना सिद्धांत नीट सोडवला, तर अशुद्धी असताना १/२ ची हॉल वाहकता आणि १/२ जवळच्या अपूर्णांक अवस्थांतल्या उत्तेजनांच्या ऊर्जेतले न्यूनतम बिंदू डिरॅक सिद्धांताशी तंतोतंत जुळतात. त्यांच्या युक्तिवादाचा गाभा गेज बंधनातच आहे: अशुद्धीमुळे विभव जिथे चढउतार करतो, तिथेच घनता आणि म्हणून क्षेत्रही करतं. दोन्ही गोंधळ एकमेकांशी बांधलेले आहेत. त्यांना सुटे मानलं की सममिती हरवते, बांधलेले ठेवले की ती परत येते. त्याच वर्षी आल्फ्रेड चंग, श्रीनिवास राघु आणि मलिगन यांनी नेमक्या या खळग्यांचा हिशेब केला आणि तिन्ही वर्णनं (इलेक्ट्रॉनचं, विवरांचं आणि डिरॅकचं) प्रयोगाच्या तेव्हाच्या अचूकतेत एकच उत्तर देतात असं सांगितलं. जैन, अजित बलराम आणि चाबा टोके यांचं २०१५ चं सूक्ष्म तरंगफलनांवरचं काम वेगळ्या वाटेने आलं: एखादा भरणांक घ्या किंवा एक वजा तो भरणांक घ्या, चुंबकीय लांबीच्या मापात फर्मी तरंगसंख्या सारखीच येते, आणि समुद्राचं क्षेत्रफळ कणसंख्येच्या नेहमीच्या नियमाला किंचित सोडूनही असू शकतं.

उरले ते ०.०२ टेस्ला. ०.८१ मध्ये अडीच टक्के. आता बघा: सरासरी क्षेत्राच्या हिशेबात आपण मध्यापासून जितके दूर गेलो, ०.७९ भागिले १४.८९, म्हणजे पाच टक्के, त्याच्या प्रमाणातल्या दुरुस्त्या मुळात सोडलेल्याच आहेत. पाच टक्क्यांच्या दुरुस्त्या न धरता अडीच टक्क्यांच्या फरकावर निवाडा द्यायचा, हे मला पटत नाही. अमर्त्य मित्रा आणि मलिगन यांनी २०१९ मध्ये या दुरुस्त्या धरण्याचा प्रयत्न केला. डिरॅक सिद्धांतात गेज क्षेत्राचे चढउतार घातले, की १/२ पासून दूर जाताच संमिश्र फर्मिऑनला वस्तुमान मिळतं, क्षेत्रावर अवलंबून असलेलं. वस्तुमान मिळालं की खळग्यांच्या जागा सरकतात, आणि त्या प्रयोगाच्या दिशेने सरकतात.

यात एक गोम आहे. परस्परक्रिया लहान नसल्याने त्यांनी फर्मिऑनच्या अनेक जाती आहेत असं मानून मांडणी केली, जेणेकरून जातींच्या संख्येचा व्यस्त हा छोटा आकडा मिळावा. प्रत्यक्षात जात एकच आहे. या क्षेत्रात ही युक्ती सगळेच वापरतात, दुसरी फारशी नाहीही. त्यामुळे मी त्या निकालातली सरकण्याची दिशा गंभीरपणे घेतो, नेमका आकडा नाही.

वस्तुमानाचा दावा खळग्यांच्या जागेशिवाय वेगळ्या मार्गाने तपासता येतो, आणि त्याच निबंधात तो सुचवला आहे: तापमान वाढलं की खळगे उथळ होतात, आणि किती भराभर उथळ होतात हे वस्तुमानावर ठरतं. अडचण नमुन्यातच आहे. आपल्या आकड्यांत ०.७९ टेस्ला म्हणजे भरणांक ९/१९ आणि १०/२१ यांच्या आसपासची जागा. चांगल्या नमुन्यात तापमान फार खाली नेलं की तिथे अपूर्णांक हॉल अवस्थांचे स्वतःचे खळगे उमटायला लागतात आणि पट्ट्यांमुळे आलेला खळगा त्यांत मिसळतो. तापमान वर नेलं तर पट्ट्यांचा खळगाच विरतो. म्हणजे मोजायला एक अरुंद पट्टा उरतो. तो रुंद करायचा तर पट्ट्यांचं अंतर वाढवून खळगे १/२ च्या जवळ आणावे लागतात, आणि तिथे मित्रा-मलिगन यांचं वस्तुमान नेमकं लहान होत जातं.